सैल कडीचा चमचा

१० फेब्रुवारी १९३५, रविवार

आज दुकानाचा अपमान झाला आणि तो मी मुकाट्याने पदरात घेतला.

अंथुर्ण्याचे हिंदुराव इनामदार दाराशी मोटार लावून आत आले. मला वाटलं, लेकीचं लग्न ठरलं असणार, आता वज्रटीक नाहीतर ठुशी तरी नक्की. यशोदेने पाणी आणून दिलं. हिंदुरावांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्या ऐरणीवर एक पितळी पत्रा ठेवला. विड्याच्या पानाहून लहान, एका बाजूने खोलगट, आणि खाली तीन तोंडांचा गळ लोंबतोय.

"श्रीपादशेट, असलं सहा करून पायजेत."

"हे काय आहे?"

"मासं धरायचा चमचा. इलायती हाय. गळकाठीच्या दोरीला बांधून लांब फेकायचा आन् हळूहळू वढायचा. पाण्यात बारक्या मासळीगत लवलवतो. मोठा मासा खायला म्हणून झडप घालतो आन् फसतो. बाकीचं समदं भीमेच्या खडकांनी खाल्लं, ह्यो एकलाच उरलाय."

डोहात एक थोरली मरळ आहे म्हणे. तिने दोनदा हिंदुरावांची दोरी तोडली. पाडव्याच्या आत तिला काठावर घेतो, असं ते भाऊबंदांच्या पंगतीत बोलून बसले आहेत. आता नाकाचा प्रश्न झाला.

माझ्या वडिलांच्या हातच्या पाटल्या फलटणपर्यंत गेल्या. ह्या तालुक्यातल्या निम्म्या नवरीमुली माझं सोनं लेवून बोहल्यावर चढल्या. आणि आता माशाच्या तोंडात पितळ! तरी हो म्हटलं. सोन्याचा भाव चढल्यापासून लोक दागिने मोडून विकतायत, घडवायला कोणी येत नाही. ऐरणीवर धूळ बसण्यापेक्षा पितळ बरं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

मेव्हणा नीळकंठ पुण्याहून येऊन गेला. त्याची तिथे पेढी आहे, आणि मी तिथे मुख्य कारागीर म्हणून बसावं असा त्याचा लकडा आहे. जाताना मोत्यांची पुडी आणि सोन्याच्या पेट्या ठेवून गेला. "दाजी, एवढी चिंचपेटी ओवून ठेवा. पाडव्याला येतो, ती पण नेतो आणि तुम्हा दोघांनाही नेतो."

गोड बोलून परीक्षा घेतोय. सरुबाईच्या नथीची गोष्ट त्याच्या कानावर गेली असणार. तिची नथ डाख लावून जोडताना मोती भाजला, त्याला मी काय करू? कोळसा ओला होता. पण सरुबाई भर बाजारात म्हणाली, "सोनाराचा हात गेला आता."

मला पुण्याला जायचं नाही. ह्या दुकानात, ह्या ऐरणीपाशीच मला बसायचं आहे. पण चिंचपेटी केली नाही तर हात गेला हे खरं ठरेल, आणि एकदा ते ठरलं की ऐरण उपडी करून ठेवायची आणि देवळात जाऊन बसायचं. करणार. झकास करणार. आज मात्र आभाळ आहे, उजेड बरा नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सहा चमचे तयार. असे चमचे विलायतेच्या बापाने पाहिले नसतील. रिठ्याच्या पाण्याने असे उजळले की त्यात तोंड बघून भांग पाडावा. गळाची कडी डाख लावून अशी बसवली की सांधा शोधून दाखवा. वडील म्हणत, दागिना वाजला की सोनार लाजला. माझ्या चमच्यात काही हलत नाही, काही वाजत नाही.

यशोदेने एक उचलून कानाशी हलवला आणि परत ठेवला. ती दाभोळच्या खाडीकाठची. लग्न होऊन ह्या माळकऱ्यांच्या घरात आली तेव्हापासून मासळी तिच्या ताटात नाही, पण बोलण्यातून अजून गेलेली नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

हिंदुराव चमचे परत घेऊन आले. "शेट, मासं हसत्यात ह्याला. पाण्यातनं ताटलीगत सरळ येतोय. एक शिंगटा आला बघायला, त्योबी भांग पाडून गेला जणू."

मी म्हटलं, घडवणाऱ्याचा दोष नाही, फेकणाऱ्याचा आहे. जरा जोरात म्हटलं. ते म्हणाले, "मग तुमीच फेकून दावा."

दाखवणार! उद्याच.

२५ फेब्रुवारी, सोमवार

भीमेवर जाऊन आलो. आमच्या वेशीपासून दोन कोस चालत. नावाडी झुंबर तिथे असतो. मासेही धरतो, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असतं. त्याचं आजचं मत असं की कोंबडीच्या आतड्याशिवाय मरळ येणार नाही आणि इनामदारांना वेड लागलंय.

हिंदुरावांनी गळकाठी दिली. पहिल्याच फेकीत गळ माझ्याच पागोट्यात अडकला आणि पागोटं भीमेत गेलं. झुंबरने नावेतून जाऊन काढून आणलं आणि म्हणाला, "शेट, पयला मासा ग्वाड धरला." त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मग मी काठावर बसून माझा चमचा पायापाशीच पाण्यातून ओढून पाहिला. दोरी बोटावर धरली होती. काही नाही, मढं ओढावं तसं. मग त्यांचा विलायती बांधला आणि ओढला, तर बोटाखाली दोरी टकटक करायला लागली. वैद्याला नाडी लागावी तशी! मला एकदम हसू आलं. पितळ जिवंत झालं होतं.

दोन गोष्टी कळल्या. माझा पत्रा वाटीसारखा सगळीकडून सारखा खोल, तो नुसता पाणी भरून सरळ येतो. विलायती शेपटाकडे जास्त वाकलेला आहे, म्हणून पाणी त्याला एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलतं. आणि दुसरं म्हणजे कडी. मी डाख लावून जखडली. गळ हलला नाही तर पत्रा हलणार कसा? ह्यात माझी चूक नाही. दागिन्याने नाचायला हवं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

५ मार्च, मंगळवार

आठवडाभर पितळच पितळ. पत्रा तापवून मऊ करतो, लाकडावर ठेवून शेपटाकडून ठोकत येतो. बाक डोळ्याने बघायचाच नाही, अंगठा फिरवायचा. अंगठा जिथे घसरतो तिथे थांबायचं. गुळगुळीत करत नाही, हातोडीच्या ठोक्यांच्या पाकळ्या तशाच ठेवतो. आरशासारखा चमचा नितळ पाण्यात विजेसारखा चमकतो आणि मासा पळतो. पाकळ्यांचा चमचा खवल्यांसारखा लुकलुकतो. पाणी फारच नितळ असलं तर एक बाजू दिव्याच्या काजळीवर धरावी. गढूळ पाण्यात मात्र खुशाल उजळून टाकावा.

गळाची धार नखावर बघायची. नखावर टेकवून ओढला की रुतला पाहिजे, घसरला तर कानस पुन्हा हातात घ्यायची.

चमचे तपासायला म्हणून तीनदा नदीवर जाऊन आलो. माल तपासल्याशिवाय देणं आमच्या घराण्यात नाही. आज यशोदेने मी काही बोलायच्या आत भाकरी बांधून ठेवली होती.

चिंचपेटी काल हातात घेतली. सुईत रेशीम जाईना. हल्ली सुयांची भोकंच नीट पाडत नाहीत. ठेवून दिली. पण आज दुपारी उघडली तर दोन पेट्या भरलेल्या! म्हणजे काल मी वाटलं त्यापेक्षा बरंच काम करून उठलो होतो. तीस वर्षांचा हात, माझ्या नकळतही चालतो. ह्याला म्हणतात कारागीर.

१२ मार्च, मंगळवार

चमच्याने मरळ धरायची, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मी आता अधिकाराने लिहू शकतो, कारण काल मी एक हातभर वाम आणि एक बरीशी मरळ काढली. (तपासणीत.)

मरळ वाहत्या पाण्यात नसते, शेवाळाच्या कडेला दबा धरून असते. तिच्या अंगावर चमचा टाकू नये, पलीकडे टाकावा आणि तिच्या वाटेवरून आणावा. ऊन तोंडावर घेऊन बसावं, म्हणजे आपली सावली पाठीमागे पडते. चमचा पडला की लगेच ओढायचा नाही, बुडू द्यायचा. मग थोडा ओढ, थोडा थांब. थांबल्यावर तो लडखडत खाली जातो आणि नेमकी तेव्हाच ती घेते. दोरी कायम बोटावर असावी. दगड लागला तर दोरी मेल्यासारखी होते. शेवाळ मऊ लागतं. मासा मात्र बोलतो. तो बोलला की लगेच हिसका देऊ नये, त्याने तोंड फिरवलं आणि वजन लागलं की मग द्यावा, आणि जोरात द्यावा, कारण मरळीचा जबडा म्हणजे हाड.

सगळ्यात मोठी युक्ती अशी की मरळ हवा घ्यायला वर येते आणि 'गुळुप्' करते. ते ऐकावं. झुंबर पाण्याकडे डोळे फाडून बघत बसतो आणि त्याला दिसत नाही. मला ऐकू येतं आणि मी फेकतो. हल्ली भीमेवर भर दुपारीही धुकं असतं, तेव्हा कानच कामी येतात. झुंबरला म्हटलं तसं, तर तो म्हणाला, "धुकं? ह्या उन्हात? कुठं हाय?" नदीवर जन्म गेला आणि धुकं ओळखत नाही.

चष्मा घेतला एक, बाजारात आलेल्या फिरत्या माणसाकडून. काचा धुरकट निघाल्या. लुच्चे लोक.

दोरीची गाठ यशोदा बांधून देते. दोन वेढे, थुंकी लावून ओली करायची आणि मग सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर रेशीम जळतं. खाडीवरची गाठ आहे म्हणाली. मी स्वतःही बांधू शकतो, पण तिला हौस आहे.

२० मार्च, धुळवड

आज एक नवीन शोध लावला. कडी घालताना तिचं तोंड जरासं उघडं ठेवलं. म्हणजे मुद्दामच ठेवलं. गळ तिच्यात सैल पडतो आणि पत्र्यावर आपटून वाजतो. खुळखुळ्यासारखा. यशोदा म्हणाली, "अहो, ह्या कडीचं तोंड..." आणि मी म्हटलं, "राहू दे, मुद्दाम आहे." तिने तो चमचा हलवून ऐकला, मागच्यापेक्षा जास्त वेळ. "मग असाच द्या," म्हणाली. "कोलंबी अशीच कुरकुरते पाण्यात."

चिंचपेटीच्या आता दोनच पेट्या उरल्यात. कधी केल्या ते आठवत नाही. मन नदीवर असलं की असं होतं.

३१ मार्च, रविवार

आज काय लिहू आणि काय नको!

हिंदुराव सकाळपासून फेकत होते. चांगलं फेकतात, पण घाई फार. उन्हं कलली तशी झुंबर म्हणाला, "सरकार, आता आवस जवळ आली. माशांचा उपास आस्तोय." हिंदुराव म्हणाले, "तुझ्या तोंडाचा उपास कधी आस्तोय?" आणि वैतागून काठी माझ्या हातात कोंबली. "घ्या शेट. तुमचं पितळ, तुमचं नशीब."

सूर्य खाली गेला होता. खरं सांगतो, मला दोरी दिसत नव्हती, काठीचं टोक दिसत नव्हतं, पलीकडचा काठसुद्धा नव्हता. मी डोळे मिटले. मिटून काही बिघडलं नाही. शेवाळाच्या उजव्या अंगाला 'गुळुप्' झालं, दांडगं. मी त्याच्या पलीकडे सैल कडीचा चमचा टाकला. बुडू दिला. बोटाखाली तो खुळखुळत यायला लागला. ओढ, थांब. ओढ, थांब. थांबलेला असताना दोरीला नुसता एक सुस्कारा लागला.

"वढा की!" झुंबर ओरडला.

मी ओढलं नाही. कुंदन बसवताना श्वास धरतात तसा धरला. मग वजन आलं. मग मी हिसका दिला.

पुढचं सगळं बोटांनी केलं. ती शेवाळाकडे वळली की दोरी खरखरायची, मी काठी आडवी करायचो. तिने खाली बुडी मारली की चक्रीवरची दोरी सोडायचो, चिमटीतून सोन्याची तार सोडावी तशी, तुटू न देता. हिंदुराव बाजूला बसून "बाबा, बाबा, बाबा" एवढंच म्हणत होते. शेवटी झुंबर कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि तिला कवेत घेऊन आला.

मांडीएवढी मरळ! जुन्या चमच्याचा एक गळ तिच्या जबड्यात गंजून बसलेला. तीच ती. हिंदुरावांनी मला मिठी मारली, कोट चिखलाने भरला तरी. "श्रीपादशेट, इंदापुरात बसून तुमी इलायतेची जिरवली. ही तुमीच धरली आसं मी पंगतीत सांगणार. माझं नाक गेलं तर जाऊ द्या, चमचा माझा हाय!" दोन डझन चमचे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले, सातारच्या पाहुण्यांसाठी.

माझा हात गेला म्हणे. या म्हणावं सरुबाईला, माशाला विचारा.

४ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाली आणि नीळकंठ आला. आधी चिंचपेटी मागितली. दारात उजेडाला धरून बघितली, मोती मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाला, "दाजी, असा हात पुण्यात नाही. सामान बांधा."

माझी छाती फुगली. बघू, म्हणून मी ती हातात घेतली आणि सवयीने मागच्या बाजूने अंगठा फिरवला. शेवटच्या गाठीवर अंगठा थांबला.

आमच्या घराण्याची गाठ डावीकडे पिळलेली, दाबून चपटी केलेली. ही तशी नव्हती. दोन वेढे, ओली करून आवळलेली. ही गाठ महिनाभर रोज माझ्या बोटाखाली होती. डोळ्यांना फसवता येतं, मीच किती दिवस फसवतोय. अंगठा फसत नाही.

यशोदा श्रीखंडात वेलदोड्याची पूड घालत होती. माझ्याकडे बघत नव्हती. किती दुपारी बसली असेल, मी नदीवर असताना? हात माझा गेला, असं कोणी म्हणू नये म्हणून हिने आपला हात लपवला. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला अभिमान.

"नीळकंठ," मी म्हटलं, "हे काम माझं नाही. तुझ्या बहिणीचं आहे."

तो हसला. मग तिच्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. "मग दाजी, तुमचं काम काय?"

मी फडताळातून सैल कडीचा चमचा काढून त्याच्या हातावर ठेवला. "हे माझं."

"हे पितळ आहे."

"हो. वाजवून बघ."

त्याने वाजवला. पुण्याचा माणूस, त्याला काय कळणार? पण जाताना त्याने माझा हात धरून, पायऱ्या मोजत मला ओट्यावरून खाली आणलं. पाऊस झाला की डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला यायचं मी त्याला कबूल केलं आहे. राहायला नाही. दाखवायला.

५ एप्रिल, शुक्रवार

आजचं अक्षर वेगळं आहे, कारण लिहिणारी यशोदा आहे. मी ऐरणीपाशी बसून सांगतोय. ती म्हणाली, ही तुमची खाजगी वही, मी कशी लिहू? मी म्हटलं, माझी चिंचपेटी ओवलीस तेव्हा विचारलं होतंस का?

लिही. मला आता जवळचं दिसत नाही. लांबचंही धुक्यातून दिसतं. धुकं भीमेवर नव्हतं.

(इथे मी थांबले. ते म्हणाले, थांबू नकोस, शाई वाळेल. य.)

लिही. हिंदुरावांचे दोन डझन चमचे अक्षय्य तृतीयेपर्यंत द्यायचे आहेत. पत्रा मी ठोकणार. बाक मी देणार, अंगठ्याने. कडी यशोदा घालणार, तोंड सैल ठेवून. गाठ तिची.

लिही. ती मरळ मांडीएवढी होती.

(झुंबरची बायको म्हणाली, पोटरीएवढी. य.)

मांडीएवढी. आणि पुढच्या खेपेला यशोदा नदीवर माझ्याबरोबर येणार. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

(हे खरंच लिहू का, असं मी विचारलं. म्हणाले, जाड अक्षरात लिही. य.)

आणि शेवटी हे लिही, की साऱ्या पुणे जिल्ह्यात मरळीचा चमचा घडवणारा माणूस एकच आहे आणि तो इंदापुरात असतो.

(हे लिहून मी टाक खाली ठेवला. य.)

बरं. खोडून टाक. दोन लिही.